चाकाला कुलूप : दंड, दर आणि रस्त्याची मालकी

(पक्षाच्या नागपूर येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शेतमालाचे भाव, बेरोजगारी, शिक्षणाचे खाजगीकरण असे प्रश्न पुढ्यात असताना, वाहतूक पोलीस मोटारीच्या चाकाला लावतात त्या जॅमरवर तासभर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अवाजवी नाही. त्यावर माझे उत्तर एवढेच की, राज्यसंस्थेचे वर्गीय स्वरूप अंदाजपत्रकात जसे दिसते, तसेच ते तिच्या लहानसहान अवजारांतही दिसते. अंदाजपत्रक वाचणारे थोडे. जॅमर मात्र सीताबर्डीवर, इतवारीत, सदरमध्ये रोज सर्वांच्या नजरेस पडतो. जे रोज नजरेस पडते त्याचा अर्थ लावणे हेही समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.

प्रथम या अवजाराचा थोडा इतिहास पाहू. अमेरिकेतील डेन्व्हर या शहरात फ्रँक मारुग नावाचे एक गृहस्थ होते. ते तेथील सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत आणि ओतकामाचे साचे बनविण्याचाही त्यांचा व्यवसाय होता. त्या शहराच्या पोलिसांपुढे अडचण अशी होती की, मोटार बेकायदा उभी केल्याबद्दल चिठ्ठी दिली तरी पुष्कळ मालक दंड भरीत नसत. अशा मोटारी ओढून नेऊन आवारात ठेवल्या, तर आतील वस्तू चोरीस गेल्याच्या तक्रारी येत आणि भरपाई नगरपालिकेच्या अंगावर पडे. मारुग यांनी चाकाला जबड्यासारखे घट्ट धरणारे एक लोखंडी कुलूप तयार केले. ५ जानेवारी १९५५ पासून डेन्व्हर पोलिसांनी त्याचा वापर सुरू केला आणि १९५८ साली मारुग यांना त्याचे पेटंट मिळाले. पहिल्या महिन्याभरातच शहराच्या तिजोरीत सुमारे अठरा हजार डॉलर जमा झाले असे सांगतात. १९८३ मध्ये हे कुलूप मध्य लंडनमध्ये आले आणि पुढे जगभर पसरले. आपण त्यालाच जॅमर म्हणतो.

या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हे कुलूप रहदारी मोकळी करण्यासाठी निर्माण झालेले नाही. ते थकलेला पैसा वसूल करण्यासाठी निर्माण झाले.

आपल्याकडील कायद्याची भूमिका मात्र वेगळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ असे सांगते की, एखादे वाहन सार्वजनिक जागी दहा तास वा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले असेल, किंवा जेथे वाहन उभे करण्यास कायद्याने मनाई आहे अशा जागी ते उभे असेल, तर गणवेशातील पोलीस अधिकारी ते ओढून नेण्यास अथवा चाकाला कुलूप घालून जखडून ठेवण्यास परवानगी देऊ शकतो. म्हणजे या कलमात दोष आहे तो वाहनाच्या जागेचा. मालकाच्या नावावर मागचे किती चालान थकलेले आहेत, याचा या कलमाशी संबंध नाही.

आता साध्या तर्काने विचार करा. एखादी मोटार चौकाच्या तोंडाशी उभी आहे आणि तिच्यामुळे रहदारी अडते आहे. अशा मोटारीला कुलूप घातले तर काय होईल? जी मोटार तिचा मालक दहा मिनिटांनी घेऊन गेला असता, ती आता दोन तास तेथेच राहील. म्हणजे अडथळा दूर करण्याच्या नावाखाली आपण अडथळाच पक्का केला. उलट, ती मोटार कोणाच्या वाटेत येत नसेल, तर चिठ्ठी देऊन भागण्यासारखे होते. वाहन अडथळा करीत असेल तर ते हलविले पाहिजे, आणि करीत नसेल तर ते जखडण्याची निकड नाही. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी रहदारीचे साधन म्हणून जॅमरचे समर्थन फार दुबळे ठरते. मग उरते ते त्याचे मूळ काम, म्हणजे वसुली. ब्रिटनमध्ये नगरपालिकांना दिलेल्या सरकारी मार्गदर्शनातही हेच मान्य केलेले आहे. चाकाला कुलूप घालावे ते वारंवार नियम मोडून दंड चुकविणाऱ्या वाहनाला, एरवी नव्हे, असा त्याचा आशय आहे. म्हणून खरा प्रश्न असा विचारावयास हवा : वसुली कोणाकडून, कशाची, आणि कोणत्या किमतीवर?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करतो. जॅमरविरुद्ध वर्तमानपत्रांत जी पत्रे येतात त्यांतील पुष्कळशी मोटारमालकांची असतात. ‘आम्ही रोड टॅक्स भरतो, मग रस्त्यावर गाडी लावण्याचा आम्हांला हक्क का नाही?’ असा त्यांचा सूर असतो. या सुरात आपला सूर मिसळण्याचे कारण नाही. रस्ता ही समाजाच्या मालकीची जमीन आहे आणि शहरात जमिनीइतकी दुर्मीळ वस्तू दुसरी नाही. आपल्या नगररचनेच्या हिशेबात उघड्यावर एक मोटार उभी करण्यासाठी, तिच्या ये-जा करण्याच्या जागेसह, तेवीस चौरस मीटर जागा धरतात. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत शहरातील दुर्बल घटकाच्या घरासाठी चटईक्षेत्राची मर्यादा धरली होती तीस चौरस मीटर. म्हणजे एका मोटारीला विसाव्यासाठी जेवढी जागा लागते, तिच्यापेक्षा फक्त सात चौरस मीटर अधिक जागेत गरिबाच्या अख्ख्या कुटुंबाने संसार करावा, अशी आपल्या शहरांची मोजपट्टी आहे.

आणि ही मोटार असते कोणाकडे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभर कुटुंबांपैकी जेमतेम सात-आठ कुटुंबांकडे चारचाकी आहे. शहरांत हे प्रमाण अधिक असेल. तरीही चारचाकीवाले अल्पसंख्यच राहतात. हे अल्पसंख्य लोक सार्वजनिक जमिनीचा फार मोठा भाग जवळजवळ फुकट वापरतात. कॅलिफोर्नियातील अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात फुकट पार्किंगची किंमत समाजाला किती भारी पडते, हे सविस्तर मांडले. आपल्या केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही पार्किंगचे शुल्क त्या जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावे, असे म्हटलेले आहे. ते बहुतांशी कागदावरच राहिले. नागपुरात एकविसाव्या शतकाच्या आरंभी एकात्मिक रस्ते विकास योजनेखाली रस्ते रुंद झाले. रुंद केलेल्या त्या पट्ट्यांचे पुढे काय झाले हे मी सांगावयास नको. धरमपेठेत वा रामदासपेठेत एक फेरी मारली की ते दिसते. सर्वांच्या पैशाने रुंद केलेला रस्ता थोड्यांच्या मोटारींचा गोठा झाला. धंतोलीत तर रुग्णालयांभोवतीच्या वाहनांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला.

तेव्हा मोटारीवर नियंत्रण हवे, आणि ते कडक हवे, याविषयी आपल्यात दुमत असू नये. दुमत आहे ते नियंत्रणाच्या पद्धतीविषयी. कारण आजची पद्धत ज्याच्यावर बसावयास हवी त्याच्यावर बसत नाही आणि ज्याच्यावर बसू नये त्याच्यावर मात्र नेमकी बसते.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी अर्थशास्त्रातील दोन गोष्टी सांगतो. शिकागोचे गॅरी बेकर यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. गुन्हा आणि शिक्षा यांचा आर्थिक विचार करणारा त्यांचा गाजलेला निबंध १९६८ चा. तो कसा सुचला, हे त्यांनी नोबेल व्याख्यानात सांगितले आहे. एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यावयास ते मोटारीने कोलंबिया विद्यापीठात निघाले होते आणि उशीर झाला होता. मोटार पैसे भरून आवारात ठेवावी, की रस्त्यावर बेकायदा उभी करून दंडाचा धोका पत्करावा? त्यांनी पकडले जाण्याची शक्यता आणि दंडाची रक्कम यांचा हिशेब केला, आणि मोटार रस्त्यावर उभी केली. भांडवली अर्थशास्त्राने या प्रसंगातून एक सिद्धान्त काढला. आपण त्यातून दुसरेच सत्य काढू शकतो : ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यापुढे कायदा हा हुकूम म्हणून उभा राहत नाही, तो किंमत म्हणून उभा राहतो.

दुसरी गोष्ट इस्रायलमधील हैफा शहराची. तेथील काही पाळणाघरांत पालक मुलांना न्यावयास उशिरा येत. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोघा अभ्यासकांनी त्यांतील काही पाळणाघरांत उशिरा येणाऱ्यांना लहानसा दंड लावून पाहिला. उशीर कमी व्हावयाच्या ऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. कारण उघड होते. पूर्वी उशीर झाला तर बाईंना तिष्ठत ठेवल्याची खंत वाटे. आता दहा शेकेल दिले की हिशेब पुरा झाला. पुढे दंड रद्द केला तरी ती खंत परत आली नाही. दंड हा दर झाला. त्यांचा हा निबंध २००० सालचा आहे.

आता नागपूरला या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खालील दंड पहिल्या वेळी शंभर रुपयांवरून पाचशेपर्यंत आणि पुढील वेळी तीनशेवरून दीड हजारापर्यंत वाढला. महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. वीस लाखांच्या मोटारीतून सराफ्यात खरेदीला येणाऱ्या कुटुंबाला पाचशे रुपये म्हणजे काय? दुकानाच्या दारापर्यंत गाडी नेण्याचा दर. तो परवडतो. रुग्णाला घेऊन मेडिकलच्या फाटकाशी क्षणभर थांबलेल्या ऑटोवाल्याला पाचशे रुपये म्हणजे काय? पेट्रोल आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता वजा जाता, ती त्याची संपूर्ण दिवसाची कमाई असते. कित्येकदा तेवढीही होत नाही. कायद्याच्या पुस्तकात दोघांचा दंड सारखा आहे. प्रत्यक्षात एकाला तो टोचतही नाही आणि दुसऱ्याच्या घरी त्या रात्री चूल अडते.

जॅमर ही विषमता आणखी वाढवितो, कारण तो पैशाबरोबर वेळही हिरावून घेतो. खाजगी मोटारीच्या मालकाची मोटार दोन तास अडकली तर त्याचा त्रागा होतो, रोजगार बुडत नाही. तो फोनवरून पैसे भरतो, कुलूप निघते. पण कळमन्याच्या बाजारातून संत्री भरून निघालेला छोटा हत्ती इतवारीत अडकला, तर उन्हात माल जातो, पुढची फेरी जाते, आणि ज्या व्यापाऱ्याला माल पोचवायचा तो उद्यापासून दुसरी गाडी पाहतो. त्यातून मागचे थकलेले चालान भरल्याशिवाय कुलूप निघणार नाही, असा पवित्रा कोणी घेतला, तर परिस्थिती अशी होते की, दंड फेडण्यासाठी गाडी चालली पाहिजे आणि दंड फिटल्याशिवाय गाडी चालणार नाही. अशा वेळी माणूस कोणाकडे जातो, हे विदर्भाला कोणी शिकवावयास नको. तो सावकाराकडे जातो.

आणि येथेच मला आपल्या देशातील एका जुन्या, शहाण्या तत्त्वाची आठवण करून द्यावयाची आहे. १८७५ साली पुणे-नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व गहाणखते जाळली. त्या दंग्यांनी इंग्रज सरकारलाही विचार करावयास लावले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला. कर्जदाराकडून वसुली करावी, पण त्याला कमावताच येणार नाही अशा रीतीने करू नये, हे तत्त्व आपल्या कायद्यातही आले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० आजही सांगते की, हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कारागिराची अवजारे जप्त करता येत नाहीत. शेतकऱ्याची औते आणि उपजीविकेला आवश्यक असलेली गुरे व बियाणे जप्त करता येत नाहीत. न्यायालयाचा हुकूमनामा हाती असलेल्या सावकाराला जे करता येत नाही, ते पाचशे रुपयांच्या चिठ्ठीसाठी राज्याने करावे काय? हे कलम जॅमरला शब्दशः लागू पडते, असा माझा दावा नाही. पण ऑटो ही चालकाची आऊत आहे, टेम्पो ही त्याची बैलजोडी आहे. आणि बैलजोडी सोडून वसुली करा, हे तत्त्व जर साम्राज्यशाहीच्या काळात मान्य झाले होते, तर प्रजासत्ताकात ते अधिक मान्य व्हावयास हवे.

फेरीवाल्यांच्या बाबतीत संसदेने हे तत्त्व काही अंशी स्वीकारलेही आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने, विक्रेत्याचा माल जप्त केला तर त्याची यादी देणे बंधनकारक केले. नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यावा, असे त्यात म्हटले आहे. सीताबर्डीवर याचे पालन किती होते, हा निराळा प्रश्न. पण कायद्याने निदान हे ओळखले की, गरिबाच्या मालाला आणि वेळेला किंमत असते. मालवाहू टेम्पोच्या चाकाला कुलूप घालताना हीच ओळख का नसावी?

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. दंड चुकविण्यात खरे पटाईत कोण असतात? न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघात काम करणाऱ्या परदेशी मुत्सद्द्यांना पार्किंगचा दंड न भरण्याची मुभा होती. राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून वसुली करता येत नसे. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ ते २००२ या काळातील नोंदी तपासल्या. दीड लाखांहून अधिक चिठ्ठ्या न भरलेल्या होत्या आणि थकबाकी होती एक कोटी ऐंशी लाख डॉलर. २००२ च्या अखेरीस अशा गाड्यांच्या राजनैतिक नंबरपाट्या काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला, तेव्हा बेकायदा पार्किंग जवळजवळ नाहीसे झाले. या लोकांना दंड परवडत नव्हता असे नाही. त्यांना कोणी हात लावू शकत नव्हते, एवढेच. आपल्याकडे १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. दिव्यामागची वृत्ती उतरली असे म्हणवत नाही. दर हिवाळी अधिवेशनाला सिव्हिल लाइन्समध्ये गाड्यांच्या रांगा लागतात. त्या गाड्यांपैकी कोणत्या गाड्यांवर किती चालान थकलेले आहेत, हे शासनाने प्रसिद्ध करावे. कुलूप घालावयाचेच असेल तर यादी तेथून सुरू व्हावी.

वसुलीच्या या व्यवस्थेला आणखी एक धोका चिकटलेला आहे, तो म्हणजे दंडाचे उत्पन्न होण्याचा. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातील फर्ग्युसन या गावाविषयी २०१५ साली तेथील केंद्रीय न्याय खात्याने अहवाल दिला. पोलीस आणि न्यायालय यांचा उपयोग नगरपालिका सुरक्षिततेपेक्षा महसुलासाठी करीत होती, आणि त्याचा भार प्रामुख्याने कृष्णवर्णीय रहिवाशांवर पडत होता, असे त्यात नोंदलेले आहे. शिकागो शहरात थकलेल्या चिठ्ठ्या आणि चाकाची कुलुपे यांच्यापायी गरीब वस्त्यांतील माणसे दिवाळखोरीपर्यंत पोचल्याचे २०१८ मध्ये पत्रकारांनी उघड केले. त्याच शहराने २००८ साली आपले छत्तीस हजार पार्किंग मीटर पंचाहत्तर वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीच्या स्वाधीन केले होते. ब्रिटनचा अनुभवही असाच आहे. स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९९२ मध्ये खाजगी व्यक्तींनी मोटारीला कुलूप घालून पैसे उकळण्याला खंडणी ठरविले, आणि इंग्लंड व वेल्समध्ये ऑक्टोबर २०१२ पासून खाजगी जमिनीवरील अशा कुलुपांवर कायद्याने बंदी आली. ज्यांनी हे अवजार शोधले व वाढविले त्या देशांनीच त्याला वेसण घातली, हे आपल्या प्रशासकांनी विचारात घ्यावे. जेथे ठेकेदाराला उचललेल्या वा जखडलेल्या वाहनांच्या संख्येवर पैसा मिळतो, तेथे तो अडथळा शोधीत नाही, गिऱ्हाईक शोधतो.

माझ्या या मांडणीवर दोन आक्षेप येतील. पहिला, कायदा सर्वांना समान हवा. गरिबाला सवलत दिली तर शिस्त कशी राहणार? याला उत्तर असे की, समान रकमेचा दंड म्हणजे समान शिक्षा नव्हे. फिनलंडमध्ये १९२१ पासून गंभीर अपराधांचा दंड माणसाच्या दैनिक उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो. २००२ साली तेथे एका बड्या कंपनीच्या संचालकाला वेगमर्यादा मोडल्याबद्दल एक लाख सोळा हजार युरोंचा दंड झाला. समता याला म्हणतात. दुसरा आक्षेप असा की, ऑटोवाल्याने रुग्णवाहिकेची वाट अडविली तर काय करायचे? त्याची ऑटो तत्काळ हलवावी, आणि दंडही करावा. अडथळा करण्याचा हक्क मी कोणालाच देत नाही. माझे म्हणणे एवढेच की, वाट मोकळी करणे हे एक काम आणि थकबाकी वसूल करणे हे दुसरे. पहिल्याच्या नावाखाली दुसरे करू नये.

येथे वाहतूक शिपायाविषयीही एक शब्द बोलला पाहिजे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात व्हरायटी चौकात उभा राहणारा शिपाई हा आपला शत्रू नाही. तोही श्रम विकूनच जगतो. धनिकाची मोटार अडविली की त्याला वरून फोन येतो, टेम्पो अडविला की येत नाही. त्याचे कुलूप कोठे पडते, हे पुष्कळदा त्या फोनने ठरते. आपला रोष त्या फोनवर असावयास हवा.

मग आपली मागणी काय असावी? मी पाच मुद्दे मांडतो. आपण त्यांवर चर्चा करावी.

पहिला मुद्दा दंडाच्या रचनेचा. उत्पन्नाचे दाखले नसताना प्रमाणशीर दंड कसा ठरवावा, असे अधिकारी विचारतात. तो मार्ग आपल्याच राज्याने दाखविला आहे. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल मोटारींच्या एकरकमी कराचे टप्पे २०१७ पासून किमतीनुसार ठेवण्यात आले : दहा लाखांपर्यंत अकरा टक्के, वीस लाखांपर्यंत बारा, त्यापुढे तेरा. म्हणजे वाहनाची किंमत शासनाच्या दप्तरी असते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २१०अ अन्वये, केंद्राच्या अटींना अधीन राहून, राज्य शासन दंडाला एकपासून दहापर्यंतचा गुणक लावू शकते आणि वाहनांच्या निरनिराळ्या वर्गांना निरनिराळा गुणक लावू शकते. महागड्या खाजगी मोटारींना वरचा गुणक आणि उपजीविकेच्या वाहनांना एकाचा गुणक, असा आदेश मुंबईहून निघू शकतो. आड येतो तो इच्छेचा अभाव. कायदा आड येत नाही.

दुसरा मुद्दा, चाकाचे कुलूप वापरावयाचेच असेल तर ते वारंवार दंड चुकविणाऱ्या खाजगी मोटारींसाठीच, लेखी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतर वापरावे. ऑटोरिक्षा, मालवाहू टेम्पो, काळी-पिवळी अशा वाहनांना ते लावू नये. त्यांची थकबाकी हप्त्यांनी फेडून घ्यावी. लोकअदालतीत चालानांची तडजोड होतेच. तिचे रूपांतर हप्त्यांच्या कायम व्यवस्थेत करता येईल.

तिसरा मुद्दा, जागा दिल्याशिवाय दंड नको. इतवारी-गांधीबागेत माल उतरविण्यासाठी वेळ व जागा ठरवून द्यावी, रुग्णालये व रेल्वे स्थानकाजवळ ऑटोंचे थांबे आखावेत, फेरीवाल्यांचे क्षेत्र निश्चित करावे. जपानात १९६२ पासून मोटार घेणाऱ्याला ती उभी करण्याची स्वतःची जागा दाखवावी लागते. २०२५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानेही असा विचार बोलून दाखविला. त्याचा आपण पाठपुरावा करावा. मात्र अट खाजगी मोटारींपुरती असावी.

चौथा मुद्दा, वाहन उचलण्याचा वा जखडण्याचा ठेका संख्येच्या मोबदल्यावर देऊ नये आणि अशा प्रत्येक कारवाईची नोंद लोकांना पाहता यावी. शासकीय वाहनांची थकबाकी प्रथम प्रसिद्ध व्हावी.

पाचवा मुद्दा, पार्किंगचे शुल्क आणि दंड यांतून येणारा पैसा महापालिकेच्या बससेवेसाठी व पदपथांसाठी राखून ठेवावा. नागपुरात २०१९ पासून मेट्रो धावू लागली, पण स्थानकापासून वस्तीपर्यंत नेणारी बस वेळेवर नसेल तर मध्यमवर्गीय माणूस मोटारच काढणार. आपली बस भरवशाची झाली, तर कुलुपांची गरजच बरीचशी उरणार नाही.

शेवटी या शहराशी निगडित अशा एका प्रसंगाचा उल्लेख करतो. नोव्हेंबर १९५४ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे अधिवेशन याच नागपुरात भरले होते. त्रावणकोर-कोचीनमध्ये आपल्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाच्या काळात गोळीबार झाला होता, आणि डॉ. लोहियांनी त्या मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याची मागणी केली होती. अधिवेशनात ती मागणी मान्य झाली नाही. मतभेद मात्र खोलवर गेले आणि पुढे पक्ष दुभंगला. जॅमरची त्या गोळीबाराशी तुलना करण्याइतका मी अविवेकी नाही. पण राज्याच्या हाती असलेले बळ कोणावर, किती आणि कशासाठी वापरावे, हा प्रश्न समाजवाद्यांनी सत्तेत असताना स्वतःलाही विचारला होता, हे आपण विसरू नये. गोळीपासून कुलुपापर्यंत बळाच्या पायऱ्या अनेक आहेत; प्रश्न मात्र प्रत्येक पायरीवर तोच आहे.

तेव्हा आपण येथून उठल्यावर पहिले काम हे करावे : ऑटो आणि टेम्पो चालकांच्या संघटनांना तसेच फेरीवाल्यांना एकत्र बसवून या पाच मुद्द्यांचे निवेदन तयार करावे आणि ते महापालिका आयुक्त व पोलीस आयुक्त या दोघांकडे द्यावे. कलम २१०अ चा मुद्दा आपल्या आमदारांमार्फत विधिमंडळात नेता येईल. हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरते. त्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.